दुखण्यास वैद्य, मग संसारास का नसावा?

घरात कोणास ताप आला तर आपण दोन दिवस काढा देऊन पाहतो आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्याची वाट धरतो. बैल लंगडू लागला तर त्याच संध्याकाळी जाणत्या माणसास बोलावणे जाते. परंतु पतिपत्नींमध्ये सहा-सहा महिने धड बोलणे नसले, एकाच छपराखाली दोन परके राहू लागले, तरी हे दुखणे कोणास दाखवावे असे आपल्या मनात येत नाही. "घरोघरी मातीच्या चुली" असे म्हणून आपण ते झाकून ठेवतो, आणि झाकलेली जखम चिघळावी तसे ते आतल्या आत वाढत जाते.

अशा वेळी आपल्या गावांत मध्यस्थी होत नाही असे नाही. वडील मंडळी बसतात, लग्नातील साक्षीदारांना बोलावले जाते, धर्मगुरू उभयतांची समजूत घालतात. या मध्यस्थीने कित्येक घरे सावरली आहेत व तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि नातलग कितीही समंजस असले तरी ते कोणाचे तरी मामा, कोणाची तरी आत्या असतात. बैठक बसली की "चूक कोणाची?" हाच प्रश्न प्रथम निघतो. निवाडा होतो, एकजण मान खाली घालतो, आणि महिन्याभरात तेच भांडण नव्या निमित्ताने पुन्हा उभे राहते.

विवाह-समुपदेशनाची रीत येथेच निराळी आहे. समुपदेशक निवाडा देत नाही. भांडण कोणत्या वाटेने सुरू होते, कोठे वळते आणि कोठे जाऊन अडते, हे तो दोघांना एकत्र बसवून दाखवतो.

समुपदेशकाकडे काय घडते?

हे शास्त्र फार जुने नाही. अमेरिकेत १९३० च्या सुमारास विवाह-मार्गदर्शनाची पहिली केंद्रे निघाली. इंग्लंडात १९३८ साली याच कार्यासाठी एक राष्ट्रीय मंडळ उभे राहिले, आणि १९४६ साली तेथील कॅथलिकांनी आपले स्वतंत्र सल्लागार मंडळ स्थापन केले. आज प्रशिक्षित समुपदेशकांची कामाची पद्धत साधारणपणे अशी असते : पहिल्या भेटीस पतिपत्नी दोघे मिळून येतात. त्यानंतर प्रत्येकाशी एकेकट्याने बोलणे होते. या खाजगी भेटीत मारहाण होते काय, जोडीदाराची भीती वाटते काय, व्यसन किंवा कर्ज आहे काय, असे प्रश्न विचारले जातात. एकाने खाजगीत सांगितलेले दुसऱ्यास सांगितले जाईल किंवा नाही, याचा नियम समुपदेशकाने आरंभीच स्पष्ट करावयाचा असतो. पुढील भेटी पुन्हा दोघांच्या. आठवड्यास किंवा पंधरवड्यास एक, सुमारे तासाभराची, अशा आठ ते वीस भेटी बहुधा लागतात.

एक उदाहरण कल्पून पाहू. नवरा आपली सारी मिळकत आईच्या हाती देतो. मुलाच्या शाळेच्या फीसाठी पत्नीला सासूपुढे हात पसरावा लागतो. ती नवऱ्याला बोलते, तो गप्प बसतो. तिचा आवाज चढतो, तो चपला घालून बाहेर पडतो. रात्री तो परत येतो तो जेवण झाकून ठेवलेले आणि पत्नी भिंतीकडे तोंड करून निजलेली. समुपदेशक येथे पैशाचा हिशेब आधी काढणार नाही. तो पत्नीला विचारील, "हे उठून बाहेर गेले की तुमच्या मनात काय येते?" ती कदाचित म्हणेल, "या घरात मी कोणीच नाही, असं वाटतं." मग नवऱ्याला विचारील, "तुम्ही गप्प का राहता?" तो म्हणेल, "मी बोललो तर आणखी बिघडेल, म्हणून." वर्षानुवर्षे संसार करून हे दोन उद्गार त्यांनी एकमेकांच्या तोंडून कधी ऐकलेले नसतात. ती जितकी बोलते तितका तो दूर सरतो, आणि तो जितका दूर सरतो तितकी ती अधिक बोलते. या चक्रात दोघेही सापडले आहेत हे कळले, म्हणजे मिळकतीचा काही भाग पत्नीच्या हाती द्यावा काय, या प्रश्नावर शांतपणे बोलता येते.

रागाच्या तळाशी पुष्कळदा जोडीदार दुरावेल ही भीती असते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८० नंतरच्या दशकात याच विचारावर एक उपचारपद्धती उभारली. जॉन गॉटमन यांनी १९८६ साली सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात एक प्रयोगशाळा उघडली व पतिपत्नींचे संभाषण बारकाईने अभ्यासले. चार सवयी संसारास विशेष घातक ठरतात, असे त्यांनी दाखवून दिले : चुकीवर न बोलता माणसाच्या स्वभावावरच घाव घालणे, तुच्छतेने हिणवणे, प्रत्येक बोलण्यावर आपलीच बाजू सावरणे, आणि भिंतीसारखे मुके होऊन बसणे. त्यांतही तुच्छता सर्वांत विषारी. "भाजीत मीठ जास्त झालं" हे बोलणे पचते, "तुझ्या माहेरी कोणाला अक्कल आहे?" हे पचत नाही.

त्याच अभ्यासातून आणखी एक उपयुक्त गोष्ट पुढे आली. भांडणात नाडीचे ठोके मिनिटास शंभरावर गेले की दुसऱ्याचे म्हणणे माणसाच्या डोक्यात शिरतच नाही. म्हणून अशा वेळी निदान वीस मिनिटे थांबावे, असे समुपदेशक शिकवतात. परंतु निघून जाताना "मी अर्ध्या तासाने येतो, मग बोलू" असे सांगून जावे व शब्द पाळावा. न सांगता निघून गेल्यास दुसऱ्यास तो नवा अपमान वाटतो.

गुण किती येतो?

या उपचाराने सर्वच संसार सावरतात असे कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. अमेरिकेत अतिशय बिघडलेल्या १३४ जोडप्यांवर दोन पद्धतींनी उपचार करून त्यांची दीर्घकाळ पाहणी करण्यात आली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचारानंतर पाच वर्षांनी सुमारे निम्म्या जोडप्यांत स्पष्ट सुधारणा टिकून होती, तर सुमारे एक चतुर्थांश जोडपी विभक्त झाली होती. इतक्या विकोपास गेलेल्या संसारांपैकी निम्मे सावरावेत, हा लाभ लहान नव्हे.

केव्हा जावे?

तेच भांडण पुनःपुन्हा होऊन कधीच मिटत नसेल. बोलणे केवळ बाजारहाट आणि मुलांची फी एवढ्यापुरते उरले असेल. एकमेकांविषयी घृणा वाटू लागली असेल. मूल दगावणे, नोकरी जाणे, परगावी किंवा परदेशी दीर्घ वास्तव्य अशा आघातानंतर मने दुरावली असतील. विश्वासघात उघड झाला असेल. किंवा आईबापांतील निरोप मुलांकरवी जाऊ लागले असतील, तर वेळ न दवडता जावे. आपल्या देशात १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायालयास समुपदेशक दिले व निवाड्यापूर्वी समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायाधीशांचे कर्तव्य ठरवले. परंतु ती पायरी गाठेपर्यंत दोन्हीकडची मने बहुधा कठोर झालेली असतात.

जोडीदार येण्यास नकार देत असेल तर एकट्याने जावे. चक्रातील एकाची चाल बदलली तरी चक्राची गती पुष्कळदा बदलते. दारूचे व्यसन असल्यास त्यावरील उपचार आधी किंवा बरोबरीने सुरू करावा लागतो. पापकबुलीने पापाची क्षमा मिळते, पण तोंडात बसलेली हिणवण्याची सवय मोडण्यास अभ्यास लागतो. म्हणून धर्मगुरूंचा उपदेश आणि समुपदेशकाचे साहाय्य यांत विरोध मानू नये.

समुपदेशकाची पाटी कोणीही लावू शकतो, यास्तव त्याचे शिक्षण कोणते व दांपत्यांबरोबर काम करण्याचा अनुभव किती, हे निःसंकोच विचारावे. मोठ्या सरकारी रुग्णालयांतील मानसोपचार विभागात चौकशी करता येते. अनेक धर्मप्रांतांत कुटुंबांसाठी कार्य करणारी केंद्रे आहेत. त्यांची माहिती आपल्या धर्मगुरूंकडे मिळेल. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांतून विनामूल्य सल्ला मिळतो.

एकत्र केव्हा जाऊ नये?

जेथे मारहाण आहे, धमकी आहे, जेथे पत्नी नवऱ्याच्या पावलांच्या आवाजाने दचकते, तेथे दोघांना एकत्र बसवणे धोक्याचे. समुपदेशकापुढे तिने खरे सांगितले तर घरी गेल्यावर त्याची शिक्षा तिलाच भोगावी लागते. तेथे प्रथम तिच्या व मुलांच्या जिवाचे रक्षण. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा व त्याखालील संरक्षण अधिकारी याचसाठी आहेत. संकटसमयी ११२ वर पोलिसांना बोलावता येते आणि बहुतेक राज्यांत १८१ हा महिलांचा साहाय्य क्रमांक आहे. विवाहाची गाठ पवित्र मानणारी आपली ख्रिस्तसभाही अशा स्त्रीला मार सोसत राहण्याची आज्ञा देत नाही. जोडीदारामुळे शरीरास वा मनास गंभीर धोका असल्यास वेगळे राहण्यास न्याय्य कारण आहे, असे १९८३ च्या धर्मसंहितेतील ११५३ वा नियम सांगतो.

म्हणून वडीलधाऱ्यांस एक विनंती. लेक माहेरी येऊन डोळे पुसू लागली, तर "सोसून घे, सगळ्यांच्याच घरी असतं" असे म्हणण्यापूर्वी तिला जवळ बसवून विचारा, "बाळ, तुला त्याची भीती वाटते का?" ती होय म्हणाली, तर तिला परत धाडू नका. ती नाही म्हणाली, तर जावयासही प्रेमाने बोलावून घ्या, आणि दोघांना समुपदेशकाकडे जाण्याचे धैर्य द्या. गाडीभाड्याची अडचण असेल तर तेवढे आपल्या खिशातून द्या.