आखातातून आलेल्या कॅसेट जुन्या सीडी प्लेअरवर ऐकायच्या असतील तर...

कोकणातल्या अनेक मुस्लिम घरांत बिस्किटांच्या डब्यात जुन्या कॅसेट अजून पडून आहेत. कुवेत, सौदीला गेलेली माणसं पूर्वी खतासोबत, कधी खताऐवजी, कॅसेट भरून पाठवायची. फोन महाग, आणि घरात प्रत्येकाला वाचता यायचंच असं नाही. बयान, नात, कव्वाल्या दुसरीकडे मिळतीलही. मरहूम अब्बांचा आवाज मात्र त्या एकाच फितीवर असतो.

मोबाईलवर घेऊन टाका, असं कुणीही सांगेल. पण ज्या दादीला ऐकायचंय, तिचा हात बसलाय जुन्या सीडी प्लेअरच्या बटणांवर. इथंच बहुतेकांचं गणित चुकतं. एमपीथ्री फाईली सीडीवर नुसत्या कॉपी केल्या तर ती डेटा डिस्क होते आणि जुना प्लेअर ती ओळखतच नाही. त्याला 'ऑडिओ सीडी' लागते. म्हणून बर्निंगच्या प्रोग्रॅममध्ये तोच पर्याय निवडा. कोरी डिस्क सीडी-आर घ्या. सीडी-आरडब्ल्यूवरून प्रकाश कमी परततो, जुन्या लेझरला ती नीट वाचता येत नाही. वेग कमी ठेवा आणि शेवटी डिस्क 'फायनलाइज' करायला विसरू नका.

आता कॅसेटकडे वळू. वर्षानुवर्षं पडून असलेली फीत लगेच वाजवू नका, आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. टेपरेकॉर्डरचं हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. फितीमागचा छोटा फेल्टचा तुकडा निघाला असेल तर आवाज दबका येतो. स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात दोन्ही चकत्या फितीसकट हलवल्या की काम होतं. घाई नको, हात स्थिर हवा.

टेपरेकॉर्डरच्या लाइन-आऊटमधून, नसेल तर हेडफोनच्या भोकातून, केबल कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडा. बऱ्याच लॅपटॉपवर फक्त माइकचं भोक असतं, त्यात आवाज फाटतो. त्यापेक्षा लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड बरं. ऑडॅसिटी हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झला ठेवा, आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नका आणि फाईल १६ बिट वेव्हमध्ये सेव्ह करा. कॅसेट वाजायला लागते तेवढाच वेळ यालाही लागतो, शॉर्टकट नाही.

९० मिनिटांची कॅसेट ८० मिनिटांच्या सीडीवर मावत नाही. प्रत्येक बाजूची वेगळी सीडी करा, आणि पाच-पाच मिनिटांचे ट्रॅक पाडा, म्हणजे दादीला हवं तिथे जाता येईल.

खरखर काढायचा मोह होतो, पण जास्त साफ केलं की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. मागची पंख्याची घरघर, कुणाचं खोकणं राहू द्या, तेही त्याच खोलीतलं आहे.

सीडीवर कागदी लेबल चिकटवू नका, उन्हात ठेवू नका. वेव्ह फाईल पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा. आणि मूळ कॅसेट फेकू नका, फक्त स्पीकरजवळ ठेवू नका, त्यात चुंबक असतो.