होमाई व्यारावाला: साडी, सायकल आणि स्पीड ग्राफिक

पालम विमानतळावर पंडित नेहरू वाट बघत उभे आहेत आणि अगदी शेजारी पाटी: ‘फोटो काढण्यास सक्त मनाई’! ही चौकट टिपणाऱ्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) म्हणजे भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार.

जन्म नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. सुरुवातीचे त्यांचे फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापले जात. हे वाचून आजही वाईट वाटतं. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या. साडी नेसून, जडशीळ स्पीड ग्राफिक कॅमेरा घेऊन सायकलवरून फिरायच्या. लाल किल्ल्यावरचा तिरंगा, माउंटबॅटन यांचा निरोप, गांधीजींची अंत्ययात्रा, सगळं त्यांनी टिपलं. १९७० मध्ये मात्र हे काम कायमचं सोडलं.

२०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. मांडणी अभ्यासक सबीना गडीहोक यांची. पुढच्याच वर्षी पद्मविभूषण.

मला त्यांचे जे. जे.मधल्या मैत्रिणींचे फोटो जास्त आवडतात. त्या मुली किती मोकळ्या दिसतात! आपल्या संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयातल्या मुलींनी ते जरूर शोधून बघावेत. आणि या फोटोंचं एखादं फिरतं प्रदर्शन मराठवाड्यातही यायला हवं.