अनुदानाचा अर्ज आणि गावाचे शिवार

धर्मादाय अनुदानासाठी सादर करावयाची योजना म्हणजे आपल्या दैन्याची कैफियत होय, अशी समजूत अनेक सेवाभावी संस्थांत रूढ आहे. त्यामुळे अर्जाची बहुतेक पाने अवर्षणाच्या वर्णनात खर्ची पडतात. आणि पैसा कोणत्या हंगामात, कोणत्या कामावर, कोणाच्या देखरेखीखाली खर्च होईल व तो संपल्यावर त्या कामाची निगा कोण राखील, हा खरा तपशील अखेरच्या दोन परिच्छेदांत उरकला जातो. दुष्काळ देणगीदारास ठाऊकच असतो. त्यास जाणून घ्यावयाचे असते ते गावाचे स्वतःचे बळ.

जालना तालुक्यातील कडवंची या गावाकडे या दृष्टीने पाहावे. विजयअण्णा बोराडे यांच्या नेतृत्वाखालील मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने व खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने 1996 च्या सुमारास तेथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचे काम हाती घेतले. पैसा जर्मन शासनाचा आणि व्यवस्था नाबार्डची होती. परंतु मदत मिळण्यापूर्वी गावाने काय करावे, याच्या अटी या कार्यक्रमाने मोठ्या कसोशीने घातल्या होत्या. गावाने आधी श्रमदान करून आपली तयारी सिद्ध करावी, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी मान्य करावी, गावाची पाणलोट समिती नेमावी, अकुशल मजुरीचा ठरावीक हिस्सा श्रमरूपाने सोसावा, आणि पुढील देखभालीसाठी निधी उभारावा, अशा त्या अटी होत. आराखडाही कचेरीतील मेजावर रचला जात नसे. तंत्रज्ञाने जमिनीच्या प्रत्येक गटात शेतकरी कुटुंबासह उभे राहून, जमिनीचा उतार व मातीची खोली पाहून, कोठे चर खोदावा, कोठे बांध घालावा, कोठे झाड लावावे, हे त्यांच्या संमतीने ठरवावयाचे. अशा गटवार नोंदींची बेरीज होऊन मगच संपूर्ण पाणलोटाचे अंदाजपत्रक तयार व्हावयाचे. माझ्या मते अर्जाची सारी विश्वासार्हता या बेरजेत आहे, कारण तीतील प्रत्येक आकड्यामागे ज्याची जमीन आहे असा एक माणूस उभा असतो.

कागदपत्रांची सिद्धता त्यामानाने सोपी. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालील नोंदणी, धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी रुजू केलेले बदल अहवाल, लेखापरीक्षित ताळेबंद, आयकर कायद्याखालील नोंदणीचे व देणगीवरील करसवलतीचे दाखले, आणि पैसा परदेशातून यावयाचा असल्यास 2010 च्या विदेशी अंशदान कायद्यान्वये परवानगी, एवढे हाताशी असावे. खर्चाचे दर मात्र स्थानिक बाजारातून प्रत्यक्ष विचारून घ्यावेत, व गावाचा हिस्सा वेगळ्या रकान्यात स्पष्ट दाखवावा. जो हिस्सा गावाने ग्रामसभेत कबूल केलेला नाही, तो कागदावर मांडणे ही देणगीदाराची व गावाची दोघांचीही फसवणूक आहे.

पाणलोटाच्या या कामांमुळे कडवंचीत मुरलेल्या पाण्यावर पुढे शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि 2012 च्या भीषण दुष्काळात, जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळत असता, या द्राक्षबागा तगल्या. अनुदानाच्या अर्जाची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी संस्थाचालकांनी एक दिवस काढून कडवंचीचे शिवार पायी फिरावे, व दुसऱ्या दिवशी आपल्या गावाचे.