लावणीचे दिवस किती गेले, किती उरले?



रायगडाच्या पायथ्याशी पाचाड परिसरात भाताची खाचरे उतारावर लहानमोठी आहेत. एखादे दोन गुंठ्यांचे, तर एखादे अर्ध्या गुंठ्याचे. म्हणून "आता चारच खाचरे राहिली" असे म्हटल्याने लावणी कधी संपेल ते कळत नाही. इकडे राबातली रोपे मात्र रोज एक दिवसाने जून होतात. हळव्या जातींची रोपे २१ ते २५ दिवसांची आणि गरव्या जातींची २५ ते ३० दिवसांची असताना लावावीत. जून रोपांना फुटवे कमी येतात आणि उत्पादन घटते.

यासाठी हिशेबाचा तक्ता ठेवावा. घरातील मुलांच्या मोबाईलवर 'स्प्रेडशीट' असते. ते नसेल तर आखीव वही चालते. रकाने असे करावेत : लावणी सुरू केल्याची तारीख, आजची तारीख, गेलेले दिवस, झालेले गुंठे, उरलेले गुंठे, उरलेले दिवस.

समजा, एक एकर म्हणजे ४० गुंठ्यांत गरवे भात आहे. राबात पेरणी ८ जूनला झाली. लावणी ३ जुलैला सुरू केली. ४ जुलैच्या संध्याकाळी आजच्या तारखेतून सुरुवातीची तारीख वजा करून एक मिळवावा, म्हणजे गेलेले दिवस २ येतात. हा एक मिळवायला बरेच जण विसरतात. दोन माणसांनी रोपे काढून ९ गुंठे लावले, म्हणजे रोजचे साडेचार. उरलेल्या ३१ गुंठ्यांना साडेचारने भागल्यास ६.९, म्हणजे ७ दिवस. शेवटचे खाचर ११ जुलैला होईल आणि तेव्हा रोप ३३ दिवसांचे असेल! मर्यादा ८ जुलैला संपते. हाती दिवस चारच आहेत, म्हणजे रोज पावणेआठ गुंठे व्हायला हवेत. दोनाची चार माणसे केली तर रोज ९ गुंठे होऊन काम वेळेत बसते. सावडीची माणसे आजच सांगून ठेवावीत. ७ तारखेला धावाधाव केली तर कुणाच्याच खाचरातून माणूस मिळणार नाही.

अतिवृष्टीने काम बंद राहिले तर तो दिवस गेलेल्या दिवसांत धरावा, पण रोजचा वेग काढताना वगळावा. नाहीतर वेग उगाच कमी दिसतो. तक्ता संध्याकाळीच भरावा. आजची तारीख आपोआप घेणारे सूत्र असेल तर सकाळी तक्ता उघडल्यावर काम न होताच एक दिवस वाढलेला दिसतो.

तारीख लिहिताना ३/७ चा अर्थ काही मोबाईल ७ मार्च असा घेतात. मग दोन दिवसांऐवजी १२० दिवस दिसतात. म्हणून महिन्याचे नाव लिहावे. पॉवर टिलरच्या भाड्याचे तास घड्याळाच्या पद्धतीने मांडून बेरीज केली, तर २४ तासांनंतर आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. माझ्याच तक्त्यात २६ तासांचे काम २ तास दिसले होते. चालकाने स्वतःच्या वहीत मांडून ठेवले होते म्हणून बरे! साडेपाच तास ५.५ असे लिहावेत.

एवढे करूनही दरवर्षी शेवटची खाचरे जून रोपांवरच जात असतील, तर पुढील खरिपात राबाची पेरणी आठ दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत करावी. यंदाचा तक्ता जपून ठेवल्यास दुसऱ्या टप्प्यात किती गुंठ्यांची रोपे लागतील ते त्यावरूनच काढता येते.