कल्याण-डोंबिवलीतील २७ गावांचा समावेश वाद

ठाणे जिल्ह्यातील २७ गावे कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत असावीत, की त्यांची स्वतंत्र नगरपरिषद व्हावी, यासंबंधीचा प्रशासकीय व न्यायालयीन विवाद २७ गावांचा समावेश वाद म्हणून ओळखला जातो.

पार्श्वभूमी
ही महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली, तेव्हा ही गावे तिच्या हद्दीत होती. ग्रामस्थांच्या विरोधानंतर २००२ मध्ये ती वगळण्यात आली आणि तेथे पुन्हा ग्रामपंचायतींचा कारभार सुरू झाला. १ जून २०१५ रोजी शासनाने त्यांचा पुन्हा समावेश केला. वाढीव मालमत्ता कर, अपुरा पाणीपुरवठा आणि ग्रामसभेचा लोप हे ग्रामस्थांचे मुख्य आक्षेप होते. २०२० मध्ये शासनाने १८ गावे वगळून त्यांची ‘कल्याण उपनगर नगरपरिषद’ करण्याचे ठरविले. उर्वरित ९ गावे महानगरपालिकेतच राहिली.

कायदेशीर चौकट
राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-क्यू नुसार लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण व आर्थिक महत्त्व विचारात घेऊन राज्यपाल नागरी क्षेत्र अधिसूचित करतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ मध्ये हद्दबदलाची कार्यपद्धती दिली आहे.

न्यायालयीन निर्णय
याच महानगरपालिकेच्या स्थापनेवेळी उल्हासनगर वगळल्यावरून सुंदरजस कन्यालाल भाटिजा खटला उद्भवला. १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने महानगरपालिकेचे क्षेत्र ठरविण्याचे काम वैधानिक स्वरूपाचे मानले. त्यामुळे कायद्यात सांगितल्यापलीकडे सुनावणीचा हक्क नागरिकांना मिळत नाही. तत्पूर्वी १९८७ मध्ये बलदेव सिंग खटल्यात मात्र याच न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील ग्रामीण भाग अधिसूचित क्षेत्रात घेण्यापूर्वी रहिवाशांना म्हणणे मांडण्याची संधी आवश्यक ठरविली होती.

१८ गावे वगळण्याच्या अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये रद्द केल्या. हद्द बदलण्यापूर्वी महानगरपालिकेशी करावयाचा विचारविनिमय कायद्यानुसार झाला नव्हता, हे त्यामागील प्रमुख कारण होते. परिणामी ती गावे महानगरपालिकेतच राहिली.

महत्त्व
गाव शहरात असावे की नसावे, हा धोरणात्मक प्रश्न न्यायालये सहसा शासनावर सोडतात. ती तपासतात ती कार्यपद्धती. म्हणूनच समावेशाला किंवा वगळण्याला दिलेली आव्हाने बहुधा अधिसूचना, हरकती व विचारविनिमय या टप्प्यांवर केंद्रित असतात. ग्रामस्थांच्या दृष्टीने प्रारूप अधिसूचनेवर मुदतीत नोंदविलेली लेखी हरकत त्यामुळेच महत्त्वाची ठरते.