वाटीतले पाणी आणि तीन शिंगांचा सरडा



मागच्या वर्षी आश्विन महिन्यात माझ्या हातून एक घोयरा मेला. घोयरा म्हणजे तो हिरवा, डुलत डुलत चालणारा, रंग बदलणारा सरडा. काही लोक त्याला सरडगुहिरा म्हणतात. मी आणि माझ्या चुलतभावाने तो बांधावरच्या करवंदीच्या जाळीतून काठीवर घेऊन घरी आणला आणि अंगणात कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवला. आम्ही त्याला पाळणार होतो. चार नाकतोडे टाकले, भाकरीचा कुस्करा टाकला, वाटीभर पाणी ठेवले. वाटी रोज भरलेलीच दिसायची. आम्हाला वाटलं, याला तहानच नाही. तिसऱ्या दिवशी तो काळपट पडला, डोळे आत गेले. चौथ्या दिवशी सकाळी डालगे उचलले तर तो हालेना.

आजी म्हणाली, "मुक्या जिवाचा तळतळाट घेतलात रे पोरांनो."

शाळेत गुरुजींना कळले. आता मार बसणार असे वाटले होते. पण गुरुजींनी एवढेच विचारले, "पाणी कशात ठेवलं होतं?"

"वाटीत, गुरुजी."

"मग ठेवलंच नव्हतं म्हण."

याचा अर्थ मला तेव्हा समजला नाही. पुढे दोन शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गुरुजींनी मला बसवून घेतले आणि आफ्रिकेतल्या एका सरड्याची माहिती वाचून दाखवली. परदेशात लोक तो घरी पाळतात, त्याची पिल्लेसुद्धा होतात. म्हणून त्याला काय लागते हे माणसांनी रात्रंदिवस बघून ठेवले आहे. तीच माहिती मी माझ्या शब्दांत लिहीत आहे.

या सरड्याचे नाव जॅक्सनचा सरडा. फ्रेडरिक जॅक्सन नावाचे इंग्रज अधिकारी पूर्व आफ्रिकेत होते, त्यांच्यावरून १८९६ साली हे नाव ठेवले गेले. नराला तीन शिंगे असतात. एक नाकावर, दोन डोळ्यांच्या पुढे. दोन नर समोरासमोर आले की बैलांसारखी टक्कर घेतात आणि एकमेकाला फांदीवरून ढकलतात. शेपटीसकट नर फूटभर भरतो.

तो केनिया देशात माउंट केनियाच्या उतारावर, नैरोबीच्या आसपासच्या उंच भागात आणि टांझानियातल्या मेरू डोंगरावर राहतो. विषुववृत्त केनियातूनच जाते. म्हणजे तिथे उकडत असेल असे आपल्याला वाटते. पण उंची पाहा. आपल्या महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. या सरड्याचे घर साधारण तेवढ्या उंचीवर सुरू होते आणि २४०० मीटरच्या आसपास संपते. तिथे दिवसा कोवळे ऊन, संध्याकाळी धुके आणि रात्री चांगलीच थंडी. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीवर जातो. तशा उन्हात हा सरडा टिकणार नाही.

म्हणून जो कोणी त्याला पाळतो त्याला आधी डोंगराची हवा घरात आणावी लागते. दिवसा पंचवीस अंशांच्या जवळपास, आणि रात्री दहा ते सोळा अंश. रात्रीचा गारवा मुख्य. मी गुरुजींना म्हटलं, "थंडीत त्याला पांघरूण नको का?" गुरुजी हसले. ते म्हणाले, रात्र गार झाली की त्याचे अंग गार पडते, रंग फिका होतो आणि तो स्वस्थ झोपतो. रोजची रात्र उबदार गेली तर तो हळूहळू खंगतो.

पिंजरा चारही बाजूंनी जाळीचा पाहिजे. पूर्ण वाढलेल्या नराला दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच. काचेच्या पेटीत हवा कोंडते आणि त्याला श्वासाचा आजार होतो. आत खरी झाडे लावतात. जास्वंद चालते, मनीप्लँटचा वेल चालतो. एका पिंजऱ्यात एकच. दोन ठेवले तर भांडण होते, आणि भांडण झाले नाही तरी एकमेकाला सतत बघून ते झुरतात. हातात घेणेही त्याला आवडत नाही. (आम्ही आमच्या घोयऱ्याला दिवसातून दहा वेळा उचलून शेजारच्या पोरांना दाखवत होतो.)

आता पाण्याचे. हा सरडा झाडावर राहतो. तो पावसाचे, धुक्याचे, दहिवराचे पाणी पानावरून चाटतो. थेंब हालला, चमकला की त्याला समजते हे पाणी. भांड्यात साठलेले स्थिर पाणी त्याच्या सहसा लक्षातच येत नाही. वाटी पुढ्यात असून तो तहानेने मरतो! म्हणून पाळणारे लोक दिवसातून दोन-तीनदा झाडांवर बारीक फवारा मारतात आणि वर भोक पाडलेला डबा टांगतात. महादेवाच्या पिंडीवर गळती लावतात ना, अगदी तशी. थेंब थेंब पानावर पडतो आणि सरडा सावकाश पितो. आपला घोयराही असाच थेंबच चाटतो. हे ऐकले तेव्हा मला गुरुजींचे पहिले बोलणे समजले.

खायला रातकिडे, नाकतोडे, माशा. जीभ अंगापेक्षा लांब, डोळे दोन दिशांना फिरणारे, त्यामुळे बसल्या जागी शिकार. पण नुसते किडे टाकून भागत नाही. किड्यांना आधी पालेभाजी खाऊ घालतात, मग त्यांच्यावर चुन्याच्या क्षाराची भुकटी चिमूटभर लावतात. शिवाय सकाळचे ऊन किंवा तसे किरण देणारा खास दिवा लागतो. नाहीतर त्याची हाडे मऊ होऊन वाकतात. लहान मुलांना मुडदूस होतो तसेच.

रंगाबद्दल सगळे विचारतात, म्हणून थोडक्यात. तो मागच्या वस्तूसारखा रंग घेतो हे खरे नव्हे. राग, भीती, थंडी, ऊन यांवर रंग ठरतो. आमचा घोयरा काळपट पडला ते डालग्याशी जुळवून घेण्यासाठी नव्हते.

पिल्लांची गोष्ट मला सर्वांत आवडली. मादीला थोडा वेळ नराजवळ सोडतात. तिला नको असेल तर ती गडद होते, तोंड वासते, डुलते. मग तिला लगेच बाजूला काढायचे. गाभण राहिली तर पाच-सहा महिने, कधी त्याहून जास्त थांबावे लागते. आपला घोयरा जमिनीत खड्डा करून अंडी घालतो. डोंगरावरची माती थंड, त्यात अंडी लवकर वाढत नाहीत. म्हणून जॅक्सनची मादी अंडी पोटातच वाढवते आणि उन्हात बसून पोट शेकते. डोंगरावरचे सगळेच सरडे असे करतात असे नाही. रुवेंझोरी डोंगराकडे तीन शिंगांचाच दुसरा सरडा आहे, तो अंडी घालतो. जॅक्सनची मादी मात्र फांदीवरून चालता चालता एकेक पिल्लू खाली सोडते. प्रत्येक पिल्लू पातळ चिकट पिशवीत असते. पिशवी पानाला चिकटते, पिल्लू हात-पाय ताणून ती फाडते आणि चालू लागते. एका वेळी आठ ते तीस पिल्ले होतात. आई त्यांना ओळखत नाही, म्हणून त्यांना वेगळे काढतात. पिकल्या केळ्यावर घोंघावणारी चिलटे हा त्यांचा पहिला घास.

१९७२ साली हे सरडे केनियातून हवाई बेटांवर विकायला नेले होते. प्रवासात ते वाळून गेले होते, म्हणून दुकानदाराने त्यांना अंगणात मोकळे ठेवले. ते पळाले. तिथले ओले, गार डोंगर त्यांना मानवले आणि ते वाढत गेले. हवाईत मुळात सरडे नव्हतेच. आता हे तिथल्या दुर्मिळ गोगलगाई आणि किडे खातात. १९८१ साली केनियाने त्यांना विकायला बाहेर पाठवणे बंद केले.

आपल्या देशातही नियम आहेत. घोयरा पकडणे, पाळणे, विकणे याला १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. परदेशी सरडा आणला तर त्याचीही सरकारकडे नोंद करावी लागते. आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते. पालकांना एक विनंती. घोयरा विषारी असतो, त्याची फुंकर लागली तर माणूस वाळतो, असे म्हणून त्याला रस्त्यात ठेचतात. त्याला विष नाही. तो दिसला तर काठीवर घेऊन जवळच्या झुडपावर सोडावा.

यंदा त्याच करवंदीच्या जाळीत मला दुसरा घोयरा दिसला. सकाळची वेळ होती, पाने दहिवराने ओली होती. मी चुलतभावाला हाक मारली आणि आम्ही दोघे बांधावरच बसलो. पुष्कळ वेळ तो हाललाच नाही. मग त्याने एक डोळा आमच्याकडे ठेवला, दुसरा पानाकडे वळवला, आणि पानाच्या टोकावरचा थेंब चाटला.