ड्यूटी सायकल

वर्कशॉपमधल्या वेल्डिंग मशीनची नेमप्लेट कधी नीट वाचली आहे का? जॉब संपवून कँटीन गाठायच्या घाईत कोण वाचतंय म्हणा! पण त्यावर असं काहीतरी असतं : २०० अँपिअर, ६० टक्के ड्यूटी सायकल. म्हणजे दर दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग करायचं आणि चार मिनिटं मशीन थंड होऊ द्यायचं.

थांबायचंच नसेल तर? तेही चालतं, पण मग करंट कमी करावा लागतो. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. त्या हिशेबाने तेच मशीन न थांबता साधारण १५५ अँपिअरवरच चालवता येतं. म्हणजे गंमत बघा, ती चार मिनिटं फुकट जात नाहीत. त्यांच्याच जिवावर आपल्याला २०० अँपिअर मिळतात!

नेमप्लेटकडे दुर्लक्ष केलं तर मशीन लगेच बंद पडेलच असं नाही. आतलं इन्सुलेशन हळूहळू खराब होत जातं. तापमान १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, असा इलेक्ट्रिकलवाल्यांचा ठोकताळा आहे. बाहेरून काहीच दिसत नाही. सबमिशनसाठी तीन रात्री जागलेला रूममेटही बाहेरून ठीकच दिसतो.

माणसाला नेमप्लेट नसते. त्याची विश्रांती कुणालातरी भांडून मिळवावी लागते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये संडे म्हटलं की चर्च आठवायचं. पण मुंबईच्या गिरणी कामगारांचा रविवार काही चर्चमधून आला नाही. तेव्हा गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालायच्या. सुट्टी मिळालीच तरी यंत्रं साफ करायला बोलावणं यायचं. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे दिला. दर रविवारी सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती, या त्यातल्या मुख्य मागण्या. लगेच काही झालं नाही. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला जवळपास दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या (त्या काळात!). जून १८९० मध्ये गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या फॅक्टरी अॅक्टमध्ये ती कायद्याने आली.

एवढ्या खटपटीने मिळालेल्या रविवाराचं आपण काय करतो? सकाळी क्लास, दुपारी जर्नल, संध्याकाळी अॅप्टिट्यूडची तयारी. मधे वेळ मिळालाच तर मोबाईल! माझ्या मते ती विश्रांती नव्हेच, नुसता इलेक्ट्रोड बदलला, मशीन चालूच.

शिवाय माणूस थांबला की तो फक्त थंड होत नाही. २००१ मध्ये मार्कस राइकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हातात ठरावीक काम नसताना मेंदूचे काही भाग उलट जास्त सक्रिय असतात. जुन्या आठवणी, पुढचे बेत, स्वतःबद्दलचे विचार यांच्याशी त्या भागांचा संबंध आहे. ही ब्रँच मी निवडली की काकांनी? कॅम्पसमध्ये सगळे बसतात म्हणून मीही बसायचं का? असले प्रश्न व्हायवाच्या रांगेत सुटत नाहीत, आणि चार वर्षं तर भुर्रकन जातात.

लोखंड्यांनी "जमेल तेव्हा सुट्टी द्या" असं म्हटलं नव्हतं. वार ठरवून मागितला होता, दुपारची वेळही ठरवून. "पी.एल. लागली की निवांत बसू" म्हणणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. आमच्या हॉस्टेलवर तिघांनी रविवारी चार ते पाच मोबाईल कपाटात टाकायचं ठरवलंय. पहिली दहा मिनिटं जाम बोअर होतं. मग कुणी गच्चीवर जाऊन बसतं, कुणी नुसतं छताकडे बघत पडतं. पाचला चहा, आणि मग असाइनमेंट आहेच.